वर्षभर कॅलेंडरवर लिहिलेली पाखरं – आता या नोंदींचं काय करू?

शेंगाचटणी (सोलापूर)
३ जानेवारी २०२६, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. या विभागात वर्षभर नुसती वाचायला येत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. प्रश्न दोनच आहेत, पण आधी थोडं सांगितल्याशिवाय ते कळायचे नाहीत. लांबेल, सांभाळून घ्या.

आमचा शेंगाचटणी आणि कडक भाकरीचा घरगुती धंदा आहे, जुळे सोलापुरात. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाचा हिशेब, गॅस कधी लावला, कुणाची किती किलोची ऑर्डर, सगळं असतं. २०२५ च्या जानेवारीपासून त्याच चौकटींत मी पाखरं लिहायला लागले. कारण काही मोठं नाही. साखर वाढली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. संभाजी तलाव, म्हणजे आमचा कंबर तलाव, घरापासून जवळ. आणि नुसतं चालायचा मला भयंकर कंटाळा. मुलाची जुनी दुर्बीण पडून होती, ती गळ्यात अडकवली. सुरुवातीला चालायला येणारी मंडळी पाखरांऐवजी माझ्याकडेच बघायची.

डिसेंबर संपला, नवीन कॅलेंडर भिंतीवर लागलं आणि जुनं रद्दीच्या गठ्ठ्यात गेलं. ते मी उपसून काढलंय. आत्ता मांडीवर आहे. चौकटीत जागा किती असते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे एकेका दिवशी दोन-तीन शब्दच आहेत. "थापटे. गोल फिरतात." "टिटवी, रात्री." "पिंगळा, मिलच्या भिंतीत, दोन." किती जाती झाल्या ते विचारू नका, मोजलेल्या नाहीत.

थापट्यांचं ते खरंच बघण्यासारखं असतं हां. पसरट चोचीची ही बदकं थंडीत येतात, आणि घोळक्याने पाण्यात गोल गोल फिरत राहतात, चोच पाण्यातच. पुढच्याच्या पायांनी जे वर येतं ते मागच्याला मिळतं. एका सकाळी मी त्यांच्यापायी दोन फेऱ्या चुकवल्या. साखर काही वाढली नाही.

फेब्रुवारी-मार्च चटकन सांगते: काटेसावर फुलली, तिच्यावर कोतवाल, बुलबुल, साळुंक्या आणि भोरड्या (गुलाबी मैना) यांची रोज भांडणं. तांबटाची ठकठक. नान्नजला, माळढोक अभयारण्यात, एकदा जाऊन आले, बार्शीच्या एसटीने, बायकांना अर्धं तिकीट आहे त्याचा फायदा घेतला. काळविटं दिसली, पखुर्ड्या दिसल्या. माळढोक दिसला का, हे घरी सगळ्यांनी विचारलं. नाही. आता तो दिसला तर पेपरात येतं.

आता मुद्द्याचं. एप्रिलचं पान बघून मला पहिल्यांदा गोंधळल्यासारखं झालं. सुरुवातीला "भोरड्या लय" असं तीनचार चौकटींत आहे. संध्याकाळी विजापूर रोडच्या झाडांवर अशा उतरायच्या की फांदी दिसायची नाही. नर तेव्हा अगदी गुलाबी आणि काळेभोर झालेले. मग १९ तारखेला "भोरड्या ५-६" आणि त्यानंतर काहीच नाही. म्हणजे १९ ला गेल्या का? का २५ ला गेल्या आणि मी त्या आठवड्यात लग्नाच्या ऑर्डरीत होते? नवीन पाखरू आलं की लगेच ध्यानात येतं. गेलेलं मात्र चार-आठ दिवसांनी आठवतं, की अरे, बरेच दिवसांत दिसलं नाही.

मे महिना तर तुम्हाला सगळ्यांना आठवत असेल. सोलापूरचा मे म्हणजे काय असतो ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही, पण यंदा तो अर्ध्यातच मोडला. गच्चीवर परळात पाणी ठेवत होते; महिनाअखेरीस पावसानेच परळ भरायला लागले. आमच्या सासूबाईंचा दरवर्षीचा प्रश्न असतो, "चातक आला का गं?" तो आला की पाऊस आला, असा त्यांचा हिशेब. यंदा पाऊस आधी येऊन बसला आणि चातक दिसला ७ जूनला, मागच्या प्लॉटमधल्या तारेवर, काळापांढरा, तुऱ्याचा. सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "त्याला उशीर झाला." पावसाने घाई केली असं काही त्या मानायला तयार नाहीत.

१८ जूनच्या चौकटीत पाखरू नाही. "चितमपल्ली गेले" एवढंच आहे. मारुती चितमपल्ली, जंगलावर आणि पाखरांवर लिहिणारे वनाधिकारी, आमच्या सोलापूरचे. जन्म इथला, बरीचशी नोकरी विदर्भाच्या जंगलांत काढून शेवटी परत इथेच आले होते. त्याच वर्षी पद्मश्री मिळाली होती. ५ नोव्हेंबर हा त्यांचा आणि १२ नोव्हेंबर हा पक्षितज्ज्ञ सालिम अलींचा वाढदिवस, म्हणून आपल्याकडे पक्षी सप्ताह त्या दोन तारखांच्या मध्ये बसवलाय, हे मला तेव्हा कळलं.

पावसाळ्यात मोहोळकडे बहिणीच्या विहिरीवर सुगरणी बघितल्या. नराने अर्धं घरटं विणायचं, लटकून फडफड करून मादीला बोलवायचं, तिने आत डोकावून निघून जायचं. अशी नापास घरटी बाभळीला कितीतरी लोंबत होती. मेव्हणे म्हणाले, "आमच्या घराचंबी असंच झालं होतं, तुझ्या बहिणीनं तीन वेळा ओटा पाडायला लावला."

३१ ऑगस्टला लिहिलंय: "गौरी आल्या. भोरड्या आल्या." दोघी एकाच दिवशी. पंधरावीसचा छोटा थवा, पिलांसारखे मळकट रंग, पण भोरड्याच.

आणि मग सप्टेंबर. २२ तारखेपासून आठवडाभर चौकटी कोऱ्या आहेत. सीनेला पूर आला होता, लांबोटीजवळ पुणे हायवे बंद झाला होता, बहिणीच्या शेतात पाणी. आम्ही रात्रंदिवस कडक भाकऱ्या करून पाठवत होतो. त्या दिवसांत कोण पाखरं बघतंय.

तर माझे प्रश्न:

एक, या कॅलेंडरचं करायचं काय? इथे सगळे ईबर्ड, ईबर्ड म्हणतात, ती पाखरांच्या नोंदी टाकायची वेबसाइट. दोन शब्दांच्या असल्या नोंदी तिथे चालतात का? आणि त्या कोऱ्या चौकटींचं काय? एखाद्या दिवशी खरंच काही नव्हतं म्हणून कोरी आहे, एखाद्या दिवशी मी गेलेच नाही म्हणून. आता वर्षाने बघितलं तर दोन्ही सारख्याच दिसतात.

दोन, भाची म्हणते, "मावशी, एका तळ्याभोवती किती दिवस फिरणार, यंदा थोडं बाहेर पड." डिसेंबरात तिच्याबरोबर भिगवणला गेले होते, रेल्वेने. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, बघायचे म्हणून. रोहित नव्हते. नाववाले म्हणाले, उजनी धरण काठोकाठ आहे, पाणी उतरून चिखल उघडा पडल्याशिवाय ते यायचे नाहीत. राजहंस मात्र मिळाले, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले. दिवस छान गेला. पण घरी येऊन कॅलेंडरवर काय लिहू ते सुचेना, कारण तिथे काल काय होतं आणि उद्या काय असेल ते मला माहीतच नव्हतं. तर २०२६ मध्ये बाहेर फिरावं, की तळंच धरून राहावं?

---

रानवाटसरू (नाशिक)
४ जानेवारी, सकाळी ७:३५

ताई, आधी ते कॅलेंडर पुन्हा रद्दीच्या आसपास जाऊ देऊ नका. आजच प्रत्येक पानाचा मोबाईलवर फोटो काढा.

ईबर्डवर चालतं. यादी भरताना पाहणीचा प्रकार विचारतात. तुम्ही चालायला गेला होता आणि जाताजाता पाखरं दिसली, तर "इन्सिडेंटल" निवडा. नान्नजला मुद्दाम पाखरांसाठीच गेलात पण वेळ, अंतर आठवत नाही, तर "हिस्टॉरिकल". संख्या माहीत नसेल तिथे एक्स टाकायचा, अंदाजाने आकडा फेकायचा नाही. "लय" साठी एक्सच. "५-६" ला पाच लिहा.

शेवटी एक प्रश्न येतो: ओळखता आलेले सगळे पक्षी या यादीत दिलेत का? कॅलेंडरच्या नोंदींना तिथे "नाही" म्हणायचं. कारण मी पैजेवर सांगतो, तुम्ही कावळा आणि पारवा वर्षभरात एकदाही लिहिलेला नाही.

कोऱ्या चौकटी कोऱ्याच राहू द्यात. तुम्ही जे विचारलंय तोच या सगळ्यातला कळीचा मुद्दा आहे. "नव्हता" आणि "बघितलं नाही" यांतला फरक मागाहून कुणालाच सांगता येत नाही. त्यावर उपाय एकच: यंदापासून तळ्यावर गेलात की पंधरा मिनिटं एका जागी थांबा आणि त्या वेळात दिसेल-ऐकू येईल ते सगळं लिहा, कावळ्यापासून. ती झाली पूर्ण यादी. मग त्या यादीत भोरडी नसेल तर ती खरंच दिसली नव्हती, एवढं तरी कळतं. एप्रिलमध्ये एक दिवसाआड अशा याद्या असत्या, तर भोरड्या कधी गेल्या ते तुम्हाला चार दिवसांच्या फरकाने सांगता आलं असतं.

अजून एक. "गौरी आल्या" हे वाचायला गोड आहे, पण इंग्रजी तारीख लिहीत जा, जशी इथे दिलीत. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे गणपती १४ सप्टेंबरला आहेत. भोरड्यांना अधिक महिना नसतो.

---

लेन्सकॅप (पुणे)
४ जानेवारी, सकाळी ११:०२

मस्त लिहिलंय काकू! तरी विचारतोच, किती स्पीशीज झाल्या अंदाजे? माझ्या पहिल्या वर्षी २०० चं टार्गेट होतं, त्यामुळे बाहेर पडणं झालं. माझं मत विचाराल तर भाची बरोबर आहे. एका शहरी तळ्यावर ठराविकच मिळणार. पावसाळ्यात कोकणात तिबोटी खंड्या, मेअखेर-जूनमध्ये नवरंग, हिवाळ्यात सासवडच्या माळावर भोवत्ये. एकदा नवरंगाची शीळ जंगलात ऐकलीत की तळ्याकडे परत जाववणार नाही. आणि दुर्बीण कुठली आहे? जुनी असेल तर ८ बाय ४२ घ्या, १० ची हात हलला की त्रास देते.

---

सीनाकाठचा (माढा)
४ जानेवारी, रात्री ९:२०

राम राम ताई. भाकऱ्या पाठवल्या म्हणालात. आमच्या गावात त्या आठवड्यात कडक भाकरी आणि चटणीची पाकिटं आली होती. कुणाची होती ते माहीत नाही, पण पोरांनी पाणी ओसरेपर्यंत तीच खाल्ली.

तुमच्या कोऱ्या चौकटींत लिहायला माझ्याकडून थोडं देतो. पूर उतरला तेव्हा शेतात गुडघाभर गाळ. तूर गेली, सोयाबीन उभं कुजलं. त्या गाळात चारच दिवसांनी बगळे, कुदळे आणि चमचे उतरले, एवढे आम्ही कधी बघितले नव्हते. नदीतला मासा डबक्यात अडकला होता ना. पोरगा म्हणाला, फोटो काढू का. म्हटलं काढ, पंचनाम्याला तेवढाच उपयोग.

आता भोरड्यांचं. तुम्हाला त्या गुलाबी दिसतात. आम्हाला त्या ज्वारीत दिसतात. दाणा दुधात आला की थवा उतरतो आणि तासाभरात कणसं मोकळी. लहानपणी आम्ही मचाणावर बसून गोफण मारायचो, शाळा बुडवायला तेवढंच निमित्त. आता मचाणावर बसायला माणूस मिळत नाही. म्हणून लोक ज्वारीच सोडायला लागले, ऊस लावतात, उसाला भोरडी काही करत नाही. यंदा रान वाफश्यावरच उशिरा आलं, पेरणी लांबली, आमची ज्वारी आत्ता कुठं पोटरीत आहे. तर मला जाणकारांना विचारायचंय: हे पाखरू शेतकऱ्याचं काही भलं करतं का, का नुसतं खातं?

---

माळावरची (धाराशिव)
५ जानेवारी, दुपारी ३:४८

सीनाकाठचे दादा, दोन्ही करतं. भोरडी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशात वीण करते, तिथे तिचं मुख्य खाणं टोळ आणि नाकतोडे. पिलं त्यावरच वाढतात. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरला येते तेव्हा ज्वारीला दाणा नसतो, त्या वेळी ती शेताबांधावरचे किडे, अळ्या, नाकतोडेच टिपत असते. पुढे फळं, मध, आणि दाणा दुधात आला की दाणा. थव्याने येते म्हणून डोळ्यांत भरते. ज्याची कणसं जातात त्याला हे सांगून उपयोग नाही, मला माहीत आहे. माझे वडील कोरडवाहूच होते.

पण तुम्ही जे शेवटी लिहिलंत ना, ज्वारी सोडून ऊस, त्यावर मला जास्त बोलायचंय. शेंगाचटणी ताईंनी नान्नजचा विषय एका ओळीत उरकलाय. सत्तरच्या दशकात सोलापूरच्या बी. एस. कुलकर्णींनी तिथल्या माळढोकांचा पाठपुरावा केला, नोंदी ठेवल्या, लोकांना दाखवल्या. १९७९ मध्ये अभयारण्य झालं. कागदावर ते एवढं प्रचंड होतं, ८,४९६ चौरस किलोमीटर, की त्यात गावंच्या गावं, तालुक्याची ठिकाणं आली. जमिनीचे व्यवहार अडले आणि लोक पाखरावर चिडले. नंतर ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. तोवर आजूबाजूचं रान बदललं होतं. पाणी आलं, बागा आल्या. नान्नज आज सोनाका द्राक्षाचं गाव म्हणून माहीत आहे, आणि त्यात त्या शेतकऱ्याचं काही चुकलेलं नाही. ज्वारी-करडईच्या रानात माळढोकाला खायला मिळायचं, मोकळं दिसायचं. द्राक्षाच्या मांडवाखाली एवढं मोठं पाखरू करणार काय? वर आपल्याकडे ओसाड दिसला माळ की लाव झाडं, ही हौस. गवताळ माळ हेच काही पाखरांचं जंगल असतं, हे अजूनही पटवावं लागतं.

ताई, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझं उत्तर: तळं सोडू नका. २०२३ चा भारतातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा अहवाल निघाला, ९४२ जातींचा आढावा आहे त्यात. तो तुमच्याआमच्यासारख्यांनी भरलेल्या याद्यांवरूनच झालाय. त्यातून कळलं की मोर आणि कोकीळ वाढलेत, आणि नीलपंख, जो आपण दसऱ्याला शुभ म्हणून बघतो, तो घटलाय. उघड्या माळावरच्या पाखरांची अवस्था सगळ्यांत वाईट. नीलपंख दुर्मीळ नाही, म्हणून तो बघायला कुणी गाडी काढून जात नाही. तो कमी होतोय हे रोजच्या रस्त्यावर रोज बघणाऱ्यालाच कळणार.

लेन्सकॅप, तुमच्या २०० मध्ये नीलपंख एकदाच मोजला गेला असणार, बरोबर?

---

लेन्सकॅप (पुणे)
५ जानेवारी, सायंकाळी ६:१५

बरोबर. दिवे घाटाच्या वरच्या बाजूला, जानेवारीत. नंतर दिसला असेलही, पण "झालाय" म्हणून गाडी थांबवली नाही. मुद्दा पोचला. तरी नवरंगावर मी ठाम आहे.

---

शेंगाचटणी (सोलापूर)
५ जानेवारी, रात्री ११:३०

बाप रे, एवढी उत्तरं! सगळ्यांना एकदम लिहिते, उद्या पहाटे दाणे भाजायचेत.

रानवाटसरू, पैज जिंकलात. कावळा एकदाच आहे, पितृपक्षात, आणि तोही "आला नाही" असा. हे चालतं का तुमच्या ईबर्डला? इन्सिडेंटलने जानेवारीचं पान भरून बघितलं, भाचीने शेजारी बसून शिकवलं. जमतंय. पंधरा मिनिटांची यादी आज सकाळी केली. दुर्बिणीशिवायच निम्मी झाली. पारवे मोजताना वैताग आला.

लेन्सकॅप, दुर्बीण ७ बाय ३५ ची आहे, मुलाने दहावीत असताना हट्टाने घेतलेली, डावीकडून थोडी धूसर. ८ बाय ४२ चा भाव बघितला, तेवढ्यात माझं शेंगदाण्याचं पोतं येतं. नवरंग मात्र मनात आहे. सोलापुरात मे-जूनमध्ये वाटेतला, थकलेला नवरंग कधी कधी शहरातल्या बागेतसुद्धा उतरतो म्हणतात. तेव्हा मी कोकणात जाण्याऐवजी त्यानेच इकडे यावं.

सीनाकाठचे दादा, पाकिटं बऱ्याच जणांनी पाठवली होती, आमचीच असतील असं नाही. बहिणीच्या शेतातही तसाच गाळ होता. दिवाळीच्या सुमारास मी गेले तेव्हा तिथे धोबी फिरत होते, शेपटी हलवत, गाळाच्या भेगांतून किडे वेचत. मेव्हणे बांधावर बसून त्यांच्याकडे बघत होते. बोलले काही नाहीत, मीही नाही. ते मी कॅलेंडरवर लिहिलं नव्हतं, आता तारीख काढून लिहीन. आणि भोरड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. माझी भाकरी ज्वारीचीच आहे, ज्वारी महाग झाली की पहिला फटका मला बसतो. तरी ३१ ऑगस्टला त्या दिसल्या तेव्हा मला बरंच वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

माळावरची ताई, नान्नजचं मी उरकलं खरं. तिथे एक वनमजूर मामा भेटले होते, त्यांनी लहानपणी बापाबरोबर शेळ्या राखताना माळढोक नाचताना बघितला होता. मानेची पिशवी फुगवून, शेपटी पाठीवर घेऊन. त्यांनी मला ते करून दाखवलं, डोक्यावरचा टॉवेल गळ्याशी धरून. मी पाखरू बघितलं नाही, मामांना बघितलं, म्हणून कॅलेंडरवर काय लिहावं कळेना. आता वाटतं मामांचं सगळं बोलणं वहीत उतरवून घ्यायला हवं. गाव, साल, कुठला माळ, किती पाखरं. अर्ध्या तिकिटात परत जाते.

सासूबाईंचा एक प्रश्न राहिला: पाऊस मेमध्ये आला तर चातकाला ते कळायला नको होतं का?

---

रानवाटसरू (नाशिक)
६ जानेवारी, सकाळी ६:५०

आजींना नमस्कार सांगा. चातक आपल्याकडे येतो तो आफ्रिकेतून, नैर्ऋत्य वाऱ्यांच्या साथीने समुद्र ओलांडून, असं मानलं जातं. यंदाचा मेमधला पाऊस अरबी समुद्रात कोकण-गोव्याजवळ झालेल्या कमी दाबाच्या पट्ट्याने पाडला. आफ्रिकेत बसलेल्या पाखराला त्याची खबर लागायचं कारण नाही. शिवाय दक्षिण भारतात याच जातीचे बारमाही राहणारेही असतात, त्यामुळे तारेवरचा तुमचा चातक नेमका कुठून आला हे नुसतं बघून सांगता येत नाही.

त्याच्या पहिल्या दर्शनाच्या तारखा गोळा करायचा उद्योग आपल्याकडे आधी झालाय. २००७ मध्ये मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम निघाला होता, लोकांनी स्थलांतरित पाखरं कधी दिसली त्या तारखा कळवायच्या. पुढे तो ईबर्डमध्येच सामील झाला. तुमची ७ जून तिथे जाईल. पण एका वर्षावरून "उशीर झाला" की "वेळेवर आला" हे ठरत नाही, आजींच्या ऐंशी पावसाळ्यांपुढे तर नाहीच. त्यांना आठवणाऱ्या तारखा विचारा: कुठल्या सणाच्या आसपास, पेरणीच्या आधी की नंतर. लिहून ठेवा.

कावळा "आला नाही" हे ईबर्डला कळत नाही. त्यासाठी पूर्ण यादी करून त्यात कावळा नसावा लागतो, आणि सोलापुरात तशी यादी होणं अवघड आहे.

फेब्रुवारीत १३ ते १६ ला जगभरची चार दिवसांची पक्षिगणना आहे, ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट. तळ्यावर रोज एक पंधरा मिनिटांची यादी टाका. सीनाकाठचे दादा, तुम्हीही. शेताच्या बांधावरून चालते.

---

सीनाकाठचा (माढा)
१४ जानेवारी, दुपारी १:०५

धागा वर काढतो. संक्रांतीच्या शुभेच्छा सगळ्यांना.

फेब्रुवारीपर्यंत थांबायला पाखरांनी सवड दिली नाही. आमची ज्वारी अजून दाण्यात नाही, पण शेजाऱ्याची आगाप होती, तिच्यावर आज उतरल्या. लिहून घ्या: १४ जानेवारी, सकाळी साडेसात, ओढ्याकडची पट्टी, भोरड्या शे-दीडशे, साळुंक्या दहाबारा, कावळे चार (कावळे मुद्दाम मोजले), वेडे राघू तारेवर सहा. पंधरा मिनिटं पुरी थांबलो. त्यातली पाच मिनिटं गोफण मारली, शेजाऱ्याचं रान असलं म्हणून काय झालं. गोफण मारल्यावर शंभर गेल्या आणि परत आल्या, तर त्या दोनदा मोजायच्या का? आणि गोफणीचं लिहायचं कुठं?

---

रानवाटसरू (नाशिक)
१४ जानेवारी, रात्री ८:४०

एकदाच मोजायच्या. गोफणीसाठी खाली शेऱ्याचा रकाना आहे, तिथे लिहा.